व्याह्यांसोबत पाहिलेली चित्रं

मुलीच्या सासू-सासऱ्यांशी काय बोलावं, हे मला तिच्या लग्नाला दीड वर्ष झालं तरी उमगलेलं नव्हतं. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पालकसभेत तावातावाने आलेल्या बापांना खाली बसवलं, पण नामपूरहून विहीणबाईंचा फोन आला की माझा आवाज आपोआप बदलायचा आणि मी रेल्वे स्टेशनवर सूचना देणाऱ्या बाईसारखी बोलायला लागायचे.

"जेवण झालं का, ताई?"

"हो, झालं. आपलं झालं?"

"झालं ना."

"पाऊस काय म्हणतोय तिकडे?"

"हाय जरा जरा."

मग दोन्हीकडे शांतता. मग त्या म्हणायच्या, "बाकी?" आणि मी म्हणायचे, "बाकी सगळं मजेत." फोन ठेवला की मी पंखा मोठा करायचे.

त्यांच्यात नाव ठेवायला काही नव्हतं, हीच खरी अडचण होती. मुलगी-जावई पुण्यात नोकऱ्या करत होते, आनंदात होते. भांडायला काही कारण असतं तर निदान विषय तरी मिळाला असता. व्याही उंच, पांढऱ्या टोपीतले, कांद्याच्या शेतीत मुरलेले आणि अत्यंत कमी बोलणारे. लग्नात ते माझ्याशी एकूण दोन वाक्यं बोलले होते, त्यातलं एक "हात धुवायला पाणी कुठंय" हे होतं. विहीणबाई ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आणि आमच्यासमोर सतत पदर सावरून बसणाऱ्या.

तर गेल्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला व्याह्यांच्या मोतीबिंदूचं निघालं. उन्हाळ कांदा काढायला यायच्या आत डोळा करून टाकू, असं जावयांनी ठरवलं. गंगापूर रोडवरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीची वेळ घेतली आणि मला फोन केला, "आई, तुम्ही सोबत जाल ना?" मी उत्साहाने हो म्हटलं. मग पाहिलं, तर आमचे हे त्याच दिवशी जुन्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला जळगावला जाणार होते. म्हणजे व्याही, विहीण आणि मी. दिवसभर. मी आदल्या दिवशी बोलायच्या विषयांची मनातल्या मनात उजळणी केली. चार निघाले, त्यातला एक पाऊस होता आणि महिना मार्चचा होता.

सकाळच्या एस.टी.ने ते दोघं आले. विहीणबाईंच्या हातात एक भली मोठी पिशवी होती. वरून शेवग्याच्या शेंगा डोकावत होत्या आणि आत ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या होत्या. त्यांचा चुरा होऊ नये म्हणून त्या पिशवी लहान मुलासारखी कडेवर घेऊन चालत होत्या.

दवाखान्यात व्याह्यांच्या डोळ्यांत तीनदा थेंब घातले. बाहुल्या मोठ्या झाल्यावर डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, मोतीबिंदू पिकलाय, पण डोळ्याचा पडदा मोठे डॉक्टर बघतील आणि ते तीन वाजता येतील. घड्याळात पावणेबारा झाले होते. माझं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, द्वारकेच्या पलीकडे. म्हणजे दुपारच्या वाहतुकीत द्वारकेचा चौक दोनदा ओलांडायचा. त्यापेक्षा इथेच थांबलेलं बरं, असं मी म्हटलं. दवाखान्यात बसायला जागा नव्हती. आम्ही बाहेर आलो, तर उन्हाने व्याह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांना डोळे उघडवेचनात.

फुटपाथवर एक गॉगलवाला बसला होता. मी म्हटलं, "साधा काळा द्या." त्याच्याकडे साधं काही नव्हतं. होता तो एक गॉगल, काचा डांबरासारख्या काळ्याकुट्ट आणि दोन्ही काड्यांवर चंदेरी रंगाच्या विजा. व्याह्यांनी तो टोपीखाली चढवला. पांढरा नेहरू शर्ट, पांढरी मिशी आणि त्यावर त्या विजा. विहीणबाईंनी एकदा बघितलं आणि पदराने तोंड झाकून घेतलं. मी रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लागले. हसायचं की नाही, ते मला ठरवता येत नव्हतं.

पाट्या वाचता वाचताच ते संग्रहालय दिसलं. दोन इमारती सोडून होतं. खाली जुनी नाणी, तांब्या-पितळेची भांडी. तिथे मी मुलांच्या सहली घेऊन जायचे. वरच्या मजल्यावर कधी गेले नव्हते. फाटकावर फलक होता, वरच्या दालनात एका चित्रकर्तीच्या चित्रांचं प्रदर्शन, प्रवेश मोफत. आणि खाली बारीक अक्षरात: दालन वातानुकूलित आहे. मी वाचलं ते एवढंच.

"चला, आत गारवा आहे. चित्रंही बघून होतील," मी म्हटलं.

"मला काय दिसनार," व्याही म्हणाले. त्या दिवसातलं हे त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य.

"मी सांगते ना," विहीणबाई म्हणाल्या आणि त्यांचा हात धरून चालायला लागल्या.

दारावरच्या गार्ड बाईंनी पिशवी अडवली. आत पिशवी न्यायची नाही, असा नियम होता. विहीणबाईंनी पिशवी आणखी घट्ट धरली.

"मोडतील."

"काय आहे?"

"बिबड्या."

गार्ड बाईंचा चेहरा एकदम बदलला. त्यांचं माहेर सटाण्याकडचं, म्हणजे नामपूरच्याच बाजूचं निघालं. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली, स्वतःच्या खुर्चीवर ठेवली आणि स्वतः उभ्या राहिल्या.

वरचं दालन लांबलचक होतं. पडदे ओढलेले, उजेड मंद, फक्त चित्रांवर दिवे सोडलेले. आणि भिंतींवर बायका. दुसरं काहीच नाही. झाड नाही, डोंगर नाही, देऊळ नाही. आमच्यापेक्षा मोठ्या आकाराच्या, धडधाकट बायका. पहिलंच चित्र भिंतभर होतं. एक पन्नाशीची बाई उपड्या बादलीवर फतकल मारून बसलेली, साडी गुडघ्यापर्यंत, आणि बशीत चहा ओतून पितेय. डोळे मिटलेले, ओठ पुढे काढलेले.

"काय शे?" व्याह्यांनी विचारलं.

"बाई शे," विहीणबाई म्हणाल्या. "च्या पी ऱ्हायनी."

"बस, इतलंच?"

"इतलंच. पन बशीमा पी ऱ्हायनी. आन कोनालेच इचारत नई का तुमले पाहिजे का."

आपसात ते अहिराणी बोलत आणि माझ्याशी मराठी. त्यांचं 'शे' म्हणजे आपलं 'आहे' आणि 'शेत' म्हणजे 'आहेत'. मला अहिराणीतलं निम्मं कळत होतं, पण एवढं कळायला निम्मं पुरेसं होतं.

माझ्यातली बाई, म्हणजे शाळेतली बाई, गप्प बसेना. चित्राशेजारी माहितीची पाटी होती. मी ती मोठ्याने वाचली. "'दैनंदिनतेच्या अवकाशात स्त्रीदेहाच्या स्वायत्ततेचा शोध घेणारी ही चित्रकृती...'"

"म्हंजी?" विहीणबाईंनी मला विचारलं.

मी पुन्हा एकदा मनात वाचलं. "म्हणजे बाई बसून चहा पितेय."

"मंग मी तेच सांगितलं," त्या म्हणाल्या. त्यांचा गोल चेहरा जरा सैल झाला.

पुढच्या चित्रात पिकअप गाडी होती. मागे उभ्या बायका, डोक्याला रुमाल बांधलेल्या, हातात डबे, द्राक्षांच्या कामावरून परत चाललेल्या. सगळ्या एकमेकींना धरून, आणि काहीतरी झाल्यामुळे सगळ्या एकदम हसत सुटलेल्या. विहीणबाईंनी बोटाने मोजायला सुरुवात केली.

"अकरा जनी शेत. नई, बारा. एकीनं निस्तं कपाळ दिसी ऱ्हायनं."

"बारा?" गॉगलमागून व्याही काळजीने म्हणाले. "गाडी उलटी जाई."

"नई उलटस. हसी ऱ्हायन्यात त्या."

"हसाथून काय व्हस? टायर कसा शेत, ते देख."

विहीणबाईंनी खरंच वाकून टायर बघितले आणि बरे आहेत असं सांगितलं. तेव्हा कुठे व्याही पुढे सरकले. कॉलेजची पाच-सहा मुलं-मुली आमच्या मागे मागे येत होती. मला आधी वाटलं, त्यांच्या वाटेत आम्ही येतोय. मग लक्षात आलं, ती चित्रांपेक्षा विहीणबाईंना ऐकतायत.

आणि मग ते चित्र आलं.

मी चार पावलं पुढे होते म्हणून मला ते आधी दिसलं. न्हाणीतून नुकतीच बाहेर आलेली बाई. अंगावर काही नाही. पंच्याने केस पुसतेय, त्यामुळे तोंड केसांत झाकलेलं. पण बाकी काहीही झाकलेलं नव्हतं. पोटाच्या वळ्या, त्यावर बाळंतपणाच्या पांढऱ्या रेघा, दंडावर देवीच्या लसीचा जुना वण, सगळं जसं असतं तसं. एकटी असते तर मी त्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिले असते. पण मी मुलीच्या सासऱ्यांना घेऊन आले होते. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरायला लागलं: उद्या नामपूरला काय सांगतील? मी दोन्ही हात पसरून वाट अडवली.

"इकडे काही नाही. तिकडे जाऊ या, तिकडे चांगली आहेत."

विहीणबाई थांबल्या. माझ्या पसरलेल्या हातांवरून त्यांनी चित्र पाहिलं. एकदा वरपासून खालपर्यंत. तोंडावर काहीच दिसू दिलं नाही.

"आते काय शे?" व्याह्यांनी विचारलं.

"देवी शे," विहीणबाई म्हणाल्या. "हात जोडा."

व्याह्यांनी लगेच चप्पल काढली. टोपी नीट केली. दोन्ही हात जोडले आणि मान खाली घातली. मागे एका मुलीने हुंदका दिल्यासारखा आवाज काढला आणि मैत्रिणीच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"कोनती देवी?" व्याह्यांनी हात जोडलेलेच ठेवून विचारलं.

विहीणबाईंनी चित्राकडे पुन्हा एकदा पाहिलं. "घरनी," त्या म्हणाल्या.

घरची देवी म्हटल्यावर व्याह्यांनी डोळ्याचं ऑपरेशन सुखरूप होऊ दे, असं पुटपुटत मागणं मागितलं. मी अजून हात पसरूनच उभी होते. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि डोळा मारला. साठीला टेकलेल्या, पदर सावरून बसणाऱ्या माझ्या विहीणबाईंनी. मला उलटा डोळा मारता येत नाही, लहानपणापासून दोन्ही मिटतात. मी दोन्ही मिटले.

त्यानंतर आम्ही बाकावर बसलो. समोरच्या चित्रात एक झोपलेली बाई होती. भर दुपार आहे हे खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यावरून कळत होतं. दोरीवरून काढलेल्या कपड्यांचा ढीग पलंगावर तसाच, आणि त्या ढिगातच ती आडवी झालेली. तोंड उघडं, एक पाय उशीवर, एका हातात अजून कुणाचा तरी पायमोजा धरलेला.

"झोपेल शे," विहीणबाईंनी सांगितलं.

"रातनी?"

"दुपारनी."

"घर मा कोनी नई का?"

"शेत ना. समदास्ना कपडा दिसी ऱ्हायनात. सासराना धोतर बी शे."

व्याही विचारात पडले. "मंग च्या कोन करी?"

"तेच देखी ऱ्हायनू मी," विहीणबाई म्हणाल्या. "चित्रमा तर कोनीच उठेल दिसत नई."

व्याह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "झोपू दे मंग तिले," आणि भिंतीला डोकं टेकून बसले. गॉगलमागे ते जागे आहेत की नाही, ते समजायला मार्ग नव्हता.

विहीणबाई माझ्याकडे सरकल्या. "ताई, एक विचारू? तुम्ही दुपारच्या झोपता का?"

दीड वर्षात त्यांनी मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता. आणि नेमका तोच, ज्याबद्दल मी त्यांच्याशी सतत खोटं बोलत आले होते. मी निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी दोन तास झोपते. पलंगावर, पंखा लावून, रीतसर. विहीणबाईंचा फोन नेमका तीनला यायचा, कारण त्यांना तेव्हाच मोकळीक असायची. मी धडपडत उठायचे, घसा खाकरायचे आणि विचारल्यावर म्हणायचे, "छे हो, वाचत बसले होते."

"झोपते," मी म्हटलं. "दोन तास."

"मला माहीत हाय," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज लय जाड येतो. मी घरात सांगते, बघा, आपली विहीण झोपेतून उठली आन म्हनते वाचत होती. आमी समदे हसतो."

"समदे?"

"पोरगी पन." पोरगी म्हणजे माझी मुलगी. सुट्टीत नामपूरला गेली की सासूच्या शेजारी बसून स्वतःच्या आईच्या झोपेला हसत होती. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मला असं मोकळं वाटलं, की मी बाकावर पाय वर घेऊन मांडी घातली.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी आडवी झाले तर घरात समदे घाबरतात. एकदा झोपले होते, दहा वर्षं झाली असतील, तर पुतन्यानं डॉक्टरला बोलावलं." त्या हसायला लागल्या. "खरंच. तो मोटरसायकलवर आला, नाडी बघितली आन म्हनला, यांना झोप लागली हाय. त्याचीच मला लाज वाटली, मंग परत नाय झोपले."

आम्ही दोघी इतक्या हसलो की व्याह्यांनी दचकून "काय जालं?" असं विचारलं. तेव्हा शेजारून आणखी एक हसू आलं. बाकाच्या कडेला एक बाई उभी होती. पन्नाशीची, भरल्या अंगाची, खादीचा सदरा, गळ्यात अडकवलेला चष्मा. मी तिला संग्रहालयातली कर्मचारी समजले. शाळेची सवय, मी लगेच तक्रार नोंदवली.

"तुम्ही इथल्या ना? या पाट्या कोणी लिहिल्यात? एक शब्द कळत नाही."

"मी नाही लिहिल्या," ती म्हणाली. "मी फक्त चित्रं काढलीत."

जमिनीने मला पोटात घ्यावं असं वाटलं. विहीणबाई तर उठूनच उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर. "चुकलं का काय आमचं? आमी आपलं मोठ्यानं बोलत होतो."

"बोला ना. मी पहिल्या चित्रापासून तुमच्या मागे आहे," चित्रकर्ती म्हणाली. "आतापर्यंत एवढ्या लोकांनी ते पिकअपचं चित्र पाहिलं, पण टायर कोणीच बघितले नव्हते. मीही ते नुसतेच काळे करून सोडले होते." मग ती जरा घुटमळली. "फक्त ती देवी. ती कशी काय सुचली तुम्हाला?"

हे तिने मोकळ्या मनाने विचारलं. तिला काय माहीत, कोणासमोर विचारतेय. बाकावरचा गॉगल हळूच आमच्याकडे वळला.

"सुचली, म्हंजी?" व्याही म्हणाले. "देवी नव्हती का ती?"

मी छताकडे पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

"काका," चित्रकर्ती म्हणाली, "तुम्ही गॉगल का काढत नाही? इथे ऊन नाहीये."

आम्ही तिघंही एकमेकांकडे पाहत राहिलो. खरंच की. त्या अर्धवट अंधाऱ्या दालनात दोन-अडीच तास आम्ही त्या माणसाला डांबरी काचांच्या मागे ठेवून फिरवत होतो आणि हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. खुद्द त्यांच्याही नाही. व्याह्यांनी विजांचा गॉगल उतरवला, डोळे किलकिले केले, चित्रकर्तीकडे बघितलं, छताकडे बघितलं. "दिसस," ते म्हणाले. "धुक्यामा दिसस तसं, पन दिसस." मग उठले, कोणाचाही हात न धरता मागे फिरले आणि थेट त्या चित्राकडे चालू लागले.

आम्ही तिघी त्यांच्या मागे. कॉलेजची मुलं आमच्या मागे. मला मुलीचं सासर, माझी अक्कल, दालन वातानुकूलित आहे ही पाटी, सगळं एकदम आठवत होतं.

व्याही चित्रापासून दहा पावलांवर थांबले. फार वेळ थांबले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते थेंबांमुळे. त्यांनी ते धोतराच्या टोकाने पुसायला हात खाली नेला, मग आज पायजमा घातलाय हे लक्षात येऊन बाहीने पुसलं.

"ही देवी?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मी म्हटलं तसं," विहीणबाई पुटपुटल्या.

व्याही पुन्हा चित्राकडे वळले. "आता हात जोडले ते जोडले," ते म्हणाले, मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "काय परत घ्यायचे असतात का?"

कोणीतरी मागे टाळी वाजवली. चित्रकर्तीने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दुसरीकडे बघत राहिली. विहीणबाईंनी डोक्यावरचा पदर खांद्यावर सोडला. आणि मग व्याह्यांनी, जे लग्नात माझ्याशी दोन वाक्यं बोलले होते, त्या चित्रकर्तीला विचारायला सुरुवात केली. एवढं मोठं कापड एका तुकड्यात मिळतं का? रंग वाळायला किती दिवस लागतात? पावसाळ्यात काय करता? आणि शेवटी, जरा आवाज उतरवून, या बाईला तासन्‌तास उभं राहायला सांगितलं होतं का?

"नाही," ती म्हणाली. "आरशात बघून काढलंय."

व्याह्यांना हे कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं आणि घाईघाईने गॉगल पुन्हा चढवला.

तेवढ्यात मला घड्याळ दिसलं. तीन वाजून दहा मिनिटं. आम्ही जिन्यावरून धावलो. गार्ड बाईंनी बिबड्यांची पिशवी जशीच्या तशी परत दिली. विहीणबाईंनी त्यातल्या मूठभर काढून त्यांच्या ओढणीत बांधल्या. मोठे डॉक्टर नाराज होऊन बसले होते. त्यांनी पडदा बघितला, पडदा उत्तम होता.

ऑपरेशन पुढच्या सोमवारी झालं. ते दोघं आमच्याकडेच उतरले. आमचे हे तोवर जळगावहून परतले होते, ते नेहमीप्रमाणे कडक इस्त्रीचा शर्ट घालून व्याह्यांसमोर बसले आणि "बाकी?" असं म्हणाले. स्वयंपाकघरात आम्ही दोघी भांडी आदळत हसतोय आणि आपल्याला त्यातलं काहीच माहीत नाही, याचं त्यांना फार आश्चर्य वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायला आम्ही सगळेच दवाखान्यात गेलो. नर्सने पट्टी सोडवली, डोळा पुसला आणि म्हणाली, "हळूहळू उघडा." व्याह्यांनी उघडला. समोर विहीणबाई उभ्या होत्या. ते त्यांच्याकडे एकटक बघत राहिले.

"तू इतली धवळी कवय व्हयनी?" केस कधी पांढरे झाले, असं त्यांना विचारायचं होतं.

"तुम्ही दोन वरीस धुक्यामा व्हतात," विहीणबाई म्हणाल्या, "तवय."

मग त्यांची नजर आमच्या ह्यांच्यावरून फिरत माझ्यावर आली. तिथे ती चांगलीच रेंगाळली. मी जमेल तेवढं हसरं तोंड केलं.

"आन ताई," ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "लग्नात तुम्ही लय गोऱ्या दिसत होत्या हो."

आधी विहीणबाई हसल्या, मग मी, मग खाटेच्या कठड्याला धरून खुद्द व्याही. नर्सने हातातला कापूस खाली ठेवला. आठ दिवस जोरात हसायचं नाही, डोळ्यावर ताण येतो, असं तिने आम्हाला बजावलं, आणि औषधांच्या कागदावर लाल पेनाने लिहूनही दिलं. तो कागद मी घरी फ्रिजवर चिकटवला. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही तो पाळला.